सरकीच्या शेडमागे

फळीवरचं झाकण खाली पडलं, गरगरत राहिलं आणि शेवटी थरथरून थांबलं. एवढ्याशा आवाजानं सगळी दुपार दचकली. जिनिंग सुरू व्हायला अजून आठवडा होता. कापसातून सरकी काढायचे रेचे ताडपत्रीखाली झाकलेले, आवारात माणूस नाही, आणि झोळीत ओमचा आत्ता कुठं डोळा लागलेला. बबितानं पडल्या पडल्या मान वळवली. चुलीजवळ जया उभी होती, एका हातात अर्धी भाकर, दुसऱ्या हातात ओमच्या दुधाची वाटी.

"कोणासाठी वं?"

जया खाली पडलेल्या झाकणाकडेच बघत राहिली.

"मी तुले इचारून राह्यली. कोणासाठी?"

"त्यायची आई नाही ना," जया म्हणाली. "परवापासून नाही."

बबिता उठून बसली. हे ती परवापासूनच ऐकायची वाट बघत होती, आणि ऐकायला लागू नये म्हणून घरातलं प्रत्येक काम दोनदा करत होती.

मारेगावबाहेरच्या या एमआयडीसीत निम्मे प्लॉट मोकळे आणि निम्म्यांवर नुसत्या भिंती. पाइपांचा कारखाना तेवढा बारमाही चालायचा. जिनिंगला वैशाखात कुलूप लागलं की मजूर आपापल्या गावी जात आणि मागं कुत्री राहत. ती कुणी पाळलेली नव्हती आणि त्यांनीही कुणाला मालक मानलेलं नव्हतं. सकाळी एकामागं एक धाब्याच्या मागं जायचं, ऊन चढलं की वजनकाट्याखालच्या खड्ड्यात सावलीला शिरायचं, असा त्यांचा त्यांनीच लावलेला नेम होता. पाइपवाल्यांची कुत्री रस्त्याच्या पलीकडं, ही अलीकडं. कधी मधल्या पुलावर दोन्हीकडची समोरासमोर येत, नुसती उभी राहत आणि मागं फिरत.

सुनीलला इथं चौकीदारी मिळाली तेव्हा घाटंजीकडचा बंजारा तांडा सोडून बबिता या फाटकाजवळच्या खोलीत आली. तांड्यावर चूल पेटायच्या आधी चार बाया दारात यायच्या. इथं दिवस दिवस शब्द फुटायला माणूस नव्हतं. पहिला उन्हाळा तिनं या कुत्र्यांकडे बघतच काढला. त्यातली तांबडी तर तिला शेजारीण वाटायची. भाकर टाकली तर ती समोर खात नसे. उचलायची, दोन पावलं जाऊन एकदा मागं बघायची आणि सरकीच्या शेडमागे निघून जायची. 'बाईले लाज लई,' असं बबिता सुनीलला हसून सांगायची.

मग दसऱ्याच्या आधी तांबडी शेडमागे व्याली, आणि शेजारधर्म संपला.

जया पिल्लं बघायला गेली आणि तांबडी तिच्या अंगावर आली. दात लागला नाही, फ्रॉकचा घेर मात्र फाटला. बबितानं पोरीचे पाय तीनदा धुतले, तीनदा उजेडात धरून पाहिले. कुठं ओरखडाही नव्हता. तरी तिनं पाण्याचा तांब्या पुन्हा भरला.

"बिचारी ओली बाळंतीण हाय," सुनील म्हणाला. "लेकरं लहान हायेत तिचे. महिनाभर दूर राहा, मंग काही नाही करत."

"आन ओम रांगाले लागला म्हणजे? त्याले काय सांगू, महिनाभर थांब म्हणून?"

सुनील हसला. बबिताला हसू आलं नाही. त्या दिवसापासून तिला झोळीच्या दोरीपेक्षा दाराची कडी जास्त वेळा चाचपायची सवय लागली.

सोमवारी सकाळी कुत्र्यांची गाडी आली. कापूस यायच्या आधी आवार मोकळं हवं, मागच्या साली बंडीचे बैल कुत्र्यांना बिचकले होते, म्हणून जिनिंगच्या मॅनेजरनं, पंजाबरावानं, गाडी बोलावली होती. कुत्री न्यायची, ऑपरेशन करायचं, कानाला खूण करायची आणि होती तिथं आणून सोडायची. सुनील आई हंसाबाईला डोळ्याच्या दवाखान्यात न्यायला तांड्यावर गेलेला. जया अंगणवाडीत. फाटकात बबिता एकटी, ओम पदराखाली पीत असलेला.

जाळीतल्या तांबडीकडे बघून गाडीबरोबरच्या डॉक्टर मॅडम थांबल्या. "हिची आचळं भरलेली दिसतात. पिल्लं आहेत का हिला? पिल्लंवाली आम्ही नेत नाही."

झाडू मारायला आलेली भुरीबाई खराटा धरून उभी होती. तिनं मान खाली घालून झाडायला सुरुवात केली.

"मेली जी," बबिता म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. "परवाच मेली."

"सगळी?"

"सगळी. मीच पुरली."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, पदराखालच्या हालचालीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. "तुम्ही स्वतः लेकुरवाळ्या. तुम्हाला कळतंच म्हणा," असं म्हणून त्यांनी वहीत लिहिलं. बबिताला वाटलं, आत्ता बोलावं. पण ओमनं तेवढ्यात तोंड सोडलं, रडायला लागला, त्याला दुसऱ्या बाजूला घेईपर्यंत गाडीचं मागचं दार लागलं.

पिल्लांचा विचार तिच्या मनात आला नव्हता असं नाही. आला होता. तो तिनं मागं सारला होता, पुढच्या घासासाठी ताटातला खडा बाजूला सारावा तसा.

त्याच दुपारी शेडमागून बारीक आवाज यायला लागला. ओम तर शांत झोपला होता, तरी आवाज कानावर पडताच तिच्या अंगात पान्हा फुटला आणि चोळी ओली झाली. तिनं खिडकी लावली. मंगळवारी दिवसभर ती धुणं धूत राहिली, नळ मोठा सोडून. आज, बुधवारी, आवाज येईनासा झाला होता, आणि ते तर त्याहून वाईट होतं.

"चाल," ती जयाला म्हणाली. "वाटी दे इकडं. सांडशील."

शेडमागे बारदान्याचा ढीग होता. त्याच्या पोटात तांबडीनं उकरून जागा केली होती. चार पिल्लं एकमेकांवर पडलेली, डोळे नुकते उघडलेले, त्यांत चिकट पाणी. जयानं दोन दिवस भाकरीचे तुकडे आणून टाकले होते, ते तसेच पडून मुंग्या लागलेल्या.

"त्यायले दात नाही वं," बबिता म्हणाली. "भाकर कशी खातीन?"

"मले काय माहीत! तू तर सांगतच नोती काही."

बबितानं पोरीकडे बघणं टाळलं. बारदान्याला चिकटलेली मागच्या हंगामाची रुई ओढून तिनं बोळा वळला, दुधात भिजवला आणि एका पिल्लाच्या ओठाशी धरला. ओम सातव्या महिन्यात झाला तेव्हा सासूनं त्याला असंच पाजलं होतं. पिल्लू तोंड फिरवायचं, दूध हनुवटीवरून ओघळायचं. तिसऱ्या वेळी त्यानं बोळा ओढला. दुसरं लगेच प्यायला लागलं. तिसरं जरा वेळानं. चौथ्याला तिनं उचललं आणि तसंच पदरात झाकलं.

"त्याले नाही पाजत?"

"ते गेलं, बेटा."

 जयानं पदर थोडा सरकवून बघितलं आणि परत नीट केला.

बबिता बाभळीखाली खुरप्यानं खड्डा करत असताना भुरीबाई आली. खराटा भिंतीला टेकवून तिनं खुरपं हातातून घेतलं. "तुह्या हातानं माती निंघत नाही. सरक." दोन हात मारून ती हळूच म्हणाली, "मले माहीत होतं, पिल्लं हायेत म्हणून."

"मंग बोलली काहून नाही, काकू?"

"चार वर्साआधी माह्या नातवाले चावली होती एक. पाच सुया." भुरीबाईनं माती सारखी केली. "म्हटलं, जाते तर जाऊ दे. तू एकटीच नाहीस वं बाई."

त्यानं काही हलकं झालं नाही. बबितानं खोलीवर येऊन सुनीलला फोन लावला.

"ऐकता का, त्या गाडीवाल्या मॅडमचा नंबर हाय का तुमच्यापाशी?"

"फाटकावर कागद लावला ना. काहून? कुत्रं चावलं का कोणाले?"

"नाही." ती थांबली. "घरी आले म्हणजे सांगीन."

फाटकाशी उभं राहून तिनं आकडे दाबले. जया तिच्या लुगड्याला धरून होती. तिला आत जायला सांगावं असं बबिताच्या ओठांवर आलं होतं, पण फोन लगेच उचलला गेला.

"मॅडम, मी जिनिंगवरची. चौकीदाराच्या घरची. ते तांबडी कुत्री नेली ना तुमी..."

"हो. काल ऑपरेशन झालं तिचं. बरी आहे."

"तिची पिल्लं मेली नव्हती जी. मी खोटं बोलली."

 फोनमध्ये मागं कुठंतरी कुत्री भुंकत होती, खूप कुत्री.

"पोरीच्या अंगावर आलती मॅडम. मले भेव लागलं. एक मेलं आता. तिघं हायेत."

"बाई," मॅडम म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, त्या नुसत्या दमलेल्या वाटत होत्या. "टाके ओले आहेत. पाच दिवस सोडत नाही आम्ही. पण संध्याकाळपर्यंत आणते. दूध एकदम आटत नसतं. फक्त तिनं त्यांना जवळ घ्यायला पाहिजे. दोन दिवस गेलेत, अंगाला औषधांचा वास आहे. घेईलच असं सांगता येत नाही."

"मी काय करू तवरिक?"

"ऊब द्या. आणि पोरीला पिल्लं फार हाताळू देऊ नका."

फोन ठेवल्यावर बबिता खाली बसली. जयानं लुगडं सोडलं नव्हतं. ती आईच्या तोंडाकडे बघत होती, पण रडत नव्हती, विचारतही नव्हती. बबितानं तिला जवळ ओढलं तेव्हा ती आली, पण लाकडासारखी, अंग न सोडता.

सूर्य कलला तशी गाडी आली. पिंजऱ्याचं दार उघडलं. तांबडी उतरली ती अडखळत, पोटावर निळं औषध, डाव्या कानाचं टोक कापलेलं. वजनकाट्याखालून दोन कुत्री बाहेर आली, हुंगायला लागली. तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. सरळ शेडमागे निघाली. मॅडमनी हात आडवा धरून सगळ्यांना लांब थांबवलं. ओमला कडेवर घेऊन, जयाचा हात घट्ट धरून बबिता भिंतीच्या कोपऱ्याशी उभी राहिली. आता तिला तांबडीची भीती वाटत नव्हती. भीती वाटत होती ती दुसरीच.

तांबडीनं बारदान्यात तोंड घातलं. एक पिल्लू हुंगलं, मागं सरली. परत हुंगलं. त्याच्या तोंडाला ओमच्या दुधाचा वास असणार. मग तिनं ते चाटायला सुरुवात केली, जोरजोरात, उलटंपालटं करून. दुसरं चाटलं. तिसरं चाटलं. टाक्यांवर भार पडू नये म्हणून बेतानं कुशीवर टेकली आणि तिघं चाचपडत तिच्या पोटाशी गेली.

"घेतलं," मॅडम कुजबुजल्या. "घेतलं बघा."

बबितानं डोळे मिटले. इतक्यात जयानं हात ओढला.

तांबडी उठली होती. पिल्लं आचळाला लोंबून खाली पडली. ती बारदाना उकरत होती, एक कोपरा, मग दुसरा. परत येऊन तिघांना हुंगलं, एकेकाला नाक लावून. टेकली. परत उठली. शेडच्या भिंतीकडेनं हुंगत बाहेर आली, त्यांच्या समोरून गेली, थांबली आणि पुन्हा आत जाऊन तिघांवर नाक फिरवू लागली.

"याडी," जयानं आईला हाक मारली, दुपारपासून पहिल्यांदा, "तिले मोजता येते का?"