ताणा, बाणा आणि मावा

मी एक जुने भिंग आहे. पितळेची घडीची चौकट, खाली इंचभर चौकोनी खिडकी आणि वर जाड काच, एवढाच माझा संसार. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझ्या बोलण्यावर फार विसंबू नका. मला एका वेळी इंचभरच दिसते, तेही सातपट मोठे. त्यामुळे आयुष्यभर माझा गोंधळच होत आला आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. मला समज आली ती उमरेडला, ईश्वरदासांच्या हातमागावर. ते मला साडीवर ठेवत आणि इंचात किती धागे बसले ते मोजत. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. दोन्ही वेगवेगळे मोजायचे, हा त्यांचा नियम. "काच खोटं बोलत नाही," असे ते आल्यागेल्याला सांगत आणि मी फुलून जात असे. पुढे माग बंद पडला आणि मी सुयांच्या डब्यात गेले. किती वर्षे, ते विचारू नका. डब्यात सोमवार-मंगळवार नसतात.

मग एके दिवशी त्यांच्या लेकीने, मयुरीने, मला बाहेर काढले. ती नागपूरला धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात बाग सांभाळते, रोज एसटीने जाते-येते. तिथे फाटकापासून पायऱ्यांपर्यंत जास्वंदीचे लांब कुंपण आहे. पेशंटची माणसे सकाळी त्यातले एखादे फूल तोडतात आणि आपल्या माणसाच्या उशाशी ठेवतात. मयुरी त्यांना कधी हटकत नाही. तिचा त्या कुंपणावर फार जीव आहे.

तिने मला पहिल्यांदा जास्वंदीच्या कोवळ्या पानाखाली लावले तेव्हा मला वाटले, हे कसले कापड? एकही धागा सरळ नाही, आणि विणीतून हिरवे ठिपके चालताहेत. तो मावा होता. थंडी सरून फाल्गुनात नवी पालवी फुटली की तो येतो, रस पितो आणि पानांवर चिकट पाणी सोडतो. मयुरी दर सोमवारी त्याच दहा फांद्यांवर मला टेकवायची आणि जे हलेल ते सगळे मोजायची.

गेल्या वर्षी मोजता मोजता माझ्या खिडकीत एक काळा, काटेरी, नारिंगी पट्ट्यांचा प्राणी आला. मी तो सातपट करून दाखवला. मयुरीने दचकून हात मागे घेतला. ते पान पिशवीत घालून तिने घरी नेले आणि वडिलांपुढे ठेवले.

"बाबा, हे काय आहे? तुम्ही पाहा न."

ईश्वरदासांच्या डोळ्यात तेव्हा मोतीबिंदू होता. त्यांनी कसाबसा डोळा लावला. "केवढा आहे हा. मावा तं याच्यापुढे काहीच नाही. यालेच मार आधी."

मयुरीने औषध फवारले. मावा पडला, काळेही पडले. मला वाटले, आपण जिंकलो. तीन आठवड्यांनी मावा दुपटीने परत आला. काळे मात्र आले नाहीत. चिकट पाण्यावर काजळीसारखी बुरशी धरून पाने काळी झाली, कुंपणालगत लावलेल्या गाड्यांच्या काचा चिकट झाल्या. दवाखान्याचे मॅनेजर मनोहरराव वैतागले. "पुढच्या साली असंच झालं तर हे सारं उपटून सिमेंटचे गट्टू बसवतो," ते म्हणाले. इतके मारूनही जास्त कसे झाले, हे मला काही केल्या कळेना.

यंदा मावा पुन्हा आला. मनोहररावांनी गट्टूवाल्याला सांगूनही ठेवले. ईश्वरदासांचे ऑपरेशन होऊन महिना झाला होता, म्हणून ते एके दिवशी तपासणीला आले होते. नंबर यायला वेळ होता. मयुरी बादलीत औषध कालवत होती, आणि ते मला घेऊन कुंपणाशी बसले. विणकराच्या डोळ्याला घाई नसते. एकाच शेंड्यावर त्यांनी मला कितीतरी वेळ धरून ठेवले.

"मयुरी, थांब वं. हा मागच्या सालचा काळा आहे न, तो मावा खाऊन राहिला. एक, दोन, हा तिसरा."

मयुरीने बादली सोडून काचेला डोळा लावला.

"आपण ताणा अन् बाणा एकातच मोजला वं," ते म्हणाले. "मीच तुले मार म्हटलं."

मयुरीने औषधाची बादली झाकून ठेवली आणि थेट मनोहररावांकडे गेली. "सर, आठ दिवस द्या. औषध नाही मारत. पाण्याचा जोर मारते, जास्त भरलेले शेंडे कापते."

"काहून? किडे मारायचे का पाळायचे, एक काय ते सांग."

"दोन जातीचे आहेत सर. वेगवेगळे मोजून सांगते."

"सोमवारपर्यंत. गट्टूवाले सोमवारी येऊन राहिले."

ते आठ दिवस मी तिच्या खिशात होते. तिचा हात सारखा येऊन मला चाचपून जाई.

सोमवारी गट्टूंनी भरलेली ट्रॉली फाटकाशी उभी राहिली. मयुरीने वहीत दोन रकाने केले. मावा फांदीमागे साठावरून चौदावर आला होता. पण काळ्यांच्या रकान्यात शून्य. तिचा चेहरा उतरला, आणि मीही घाबरले. खाणारेच गेले, तर उरलेला मावा पुन्हा वाढणार.

मनोहररावांनी मला स्वतः हातात घेतले. पानाला एक नारिंगी गाठ चिकटून बसली होती. "हा तं मेला," ते म्हणाले. एवढ्यात गाठ फाटली आणि आतून एक पिवळा, ओला, बिनठिपक्यांचा किडा बाहेर आला. हा कोण, ते मला कळेना. मनोहररावांनाही कळेना.

फाटलेल्या गाठीच्या बुडाशी काळी, काटेरी कात अडकलेली पाहून मयुरी हळूच म्हणाली, "तोच काळा आहे सर. याचा तो ठिपक्यांचा ढालकिडा होते. लाल व्हाले वेळ लागते त्याले."

"साहेब, कुदळ लावू का?" गट्टूवाल्याने विचारले.

मनोहररावांनी डोळा काढला नाही. हात मागे करून त्यांनी थांबायची खूण केली. दुपारी ट्रॉली भरलेली तशीच परत गेली.

मित्रांनो, माझी काच मऊ कापडाने पुसत जा, बिजागरीत माती जाऊ देऊ नका, एवढे तर मागतेच. पण गेल्या वर्षी ते काळे जीव मी मोठे करून दाखवले म्हणूनच मेले, याचे मला फार वाईट वाटते. माझ्या खिडकीत तुम्हाला एखादा विद्रूप, अनोळखी जीव दिसला, तर त्याला मारण्याआधी तो काय खातो आहे, तेवढे पाहून घ्या.