डाव्या हाताचा सलाम

सांगलीच्या सुमंतचे लाकडी छापे नावाजलेले. फोटो संगणकावर घ्यायचा, त्याच्या काळ्या-पांढऱ्या रेघा करायच्या, चित्र आरशातल्यासारखं उलटं फिरवायचं आणि फळीवर चिकटवून हातानं कोरायचं. मग कागदावर ते सुलटं उमटतं. वीस वर्षं हेच केलेलं. आणि नेमकं शंभूराजच्या वेळी फिरवायचंच राहिलं.

शंभूराज साताऱ्याकडचा जवान, गेल्या वर्षी सीमेवर कामी आलेला. वर्षश्राद्धाला त्याचा छापा गावच्या शाळेत लावायचा होता. सुमंतनं छापलेला पहिला कागद उचलून बघितला. पोरगा डाव्या हातानं सलाम ठोकत होता! छातीवरची नावाची पट्टी संगणकावरच पुसलेली, त्यामुळे कोरताना फळीवरच्या सुलट्या अक्षरांनीही हटकलं नव्हतं. नवी फळी कोरायला पंधरा दिवस, कार्यक्रम परवावर. ‘कुणाच्या लक्षात येतंय?’ म्हणाला आणि काच लावून मोकळा झाला. घरटी एक फौजी असलेल्या गावात म्हणे लक्षात येणार नाही! अक्कल गहाण टाकली होती गड्यानं, दुसरं काय.

शाळेत पडदा सरकला. माजी सैनिक एकमेकांकडे बघू लागले. सुमंतचे कान तापले. शंभूराजचे वडील, सुभेदार आकाराम, चित्रापुढे ताठ उभे राहिले ते हलेचनात. सुमंतला ‘माझी चूक झाली’ एवढंच म्हणायचं होतं, पण तो पडद्याची दोरी गुंडाळत राहिला.

तेवढ्यात शंभूराजची आई, बनुबाई, पदर सावरत पुढं आली. “आवं, बघा की! डावा हात हाय. माझा शंभू ल्हानपणी असाच सलाम करायचा न्हवं?”

आकारामांनी मान हलवली. “व्हय. डावखुरा व्हता. पल्टनीत चालत न्हाई म्हणून मीच त्या हातावर छड्या मारल्या. लय मारल्या.” मग ते सुमंतकडे वळले. “सर, हे तुमाला कुणी सांगितलं?”

आता तरी बोल, मेल्या! सुमंतनं तोंड उघडलं.

“फोटो बघता बघता जाणवलं,” तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. स्वतःच्याच तोंडावर थुंकावंसं वाटलं त्याला, इतकी लाज वाटली. आणि सत्तरीला टेकलेले आकाराम वाकले. ‘नको, नको’ म्हणेपर्यंत त्यांचे दोन्ही हात सुमंतच्या पायांवर होते.