हिरवा कोंबडा

माझ्या सासूबाईंना कुठे डाग दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. हे ठाऊक असूनही शुक्रवारी मी त्यांना माझ्या कारखान्यात एकटं सोडून खिळे आणायला गेले.

कारखाना म्हणजे घरामागची एक लांबट खोली. तिथे मी तांब्याचा पत्रा ठोकून वस्तू घडवते. टेबलावर एक कोंबडा होता. जुन्या घंटाघराच्या छपरावर बसून वारा कुठून येतोय ते दाखवायचं, हे त्याचं काम. छप्परही तांब्याचंच, ऊनपाऊस खाऊन शेवाळी झालेलं. नवा कोंबडा त्याच रंगाचा हवा, ही इंजिनिअरसाहेबांची अट. सोमवारी ते बघायला येणार होते. रंग जुळला तर अख्ख्या छपराची डागडुजी माझ्याकडे, नाहीतर दुसऱ्या कुणाकडे. म्हणून आठवडाभर मीठ आणि व्हिनेगर फवारून मी त्याला छान हिरवा केला होता.

परत आले तर सासूबाई बाह्या सारून उभ्या, कोंबडा लखलखीत, आणि शेजारी पिळलेल्या लिंबांचा ढीग.

"काय गं, किती अवकळा आली होती याला," त्या म्हणाल्या. "परक्या माणसाला असं देतात का?"

मी मटकन स्टुलावर बसले. तोंडाशी आलेला शब्द सासूला ऐकवण्याजोगा नव्हता, तो गिळला. मग सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

"मुद्दाम हिरवा केला होतास?"

"मुद्दाम."

त्या लिंबाच्या साली गोळा करायला लागल्या. खाली मान घालून एकेक साल त्या पदरात वेचत होत्या, ते पाहून माझा राग निम्मा ओसरला.

"आई," मी म्हणाले, "तांब्याच्या भांड्यांवरून आजवर मला काय काय बोललात, आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? ओलं ठेवू नकोस, मिठाचा हात लावू नकोस, आंबट तर अजिबात नको, आणि दमट जागी झाकून ठेवलंस तर बघ."

"तेच सगळं एकदम करायचंय."

जुन्या पत्र्याच्या पेटीत आम्ही लाकडाचा भुसा भरला, त्यावर व्हिनेगर ओतलं, मूठमूठ मीठ टाकलं आणि त्यात कोंबडा पुरला. मीठ टाकताना सासूबाईंनी तोंड फिरवलं होतं. हवा लागल्याशिवाय तांबं हिरवं होत नाही, म्हणून अधूनमधून झाकण उघडायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. रविवारी दुपारी त्या तक्रार घेऊन आल्या.

"मान अजून स्वच्छच आहे गं. थोडं आंबट आणखी घाल."

मला हसू आवरेना. इतक्या वर्षांत आम्ही दोघी एका कामाला अशा जुंपलो नव्हतो, आणि मला ते फार आवडलं.

सोमवारी साहेब आले. छपराचा एक तुकडा त्यांनी कोंबड्याच्या पाठीवर ठेवला, खाली वाकून पाहिलं, चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

"छपराचं काम कधी सुरू करताय?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर देईपर्यंत त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि पंखावरचा भुसा पुसायला हात पुढे केला. सासूबाईंनी मध्येच त्यांचं मनगट धरलं.

"हात लावू नका," त्या म्हणाल्या. "फार मेहनतीनं घाण केलाय तो."

साहेबांनी रुमाल निमूटपणे खिशात ठेवला.