रुमालातलं रडू

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आत बसलेली झाडून सगळी माणसं रडत होती. कुणी हुंदके देत होतं, कुणी नाक शिंकरत होतं. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई रडत होत्या, आणि त्यांच्यासमोर ज्यांची बोबडी वळायची ते पालकही त्यांच्याच शेजारी बसून रडत होते.

रांगांमधून बाबा फिरत होते. लोक त्यांना अश्रूबाबा म्हणत, मी मनात रडवेबाबा म्हणे. प्रत्येकासाठी वेगळा पांढरा रुमाल. तो डोळ्यांसमोर धरायचा, दोनदा हलवायचा, की समोरच्याच्या डोळ्यांना धार लागलीच. सोबत तोंडाचा पट्टा चालू: अश्रू म्हणजे साठलेलं विष, विष निघालं की रक्तदाब गेला, साखर गेली, सासूसुद्धा सुधारली. शेवटचं ते गमतीनं म्हणत, पण बऱ्याच सुना गंभीरपणे मान डोलवत.

मी डोळ्यांची डॉक्टर आहे. आठवडाभर लोकांच्या डोळ्यांत बघितल्यावर रविवारी तरी डोळे नकोत असं वाटतं. पण आईला नाही म्हणवेना. माझा भाऊ जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि तेव्हापासून आईला या सभेचंच वेड लागलं होतं. त्या दिवशी ती वहिनीला घेऊन आली होती, कारण वहिनी रडली नव्हती. भाऊ गेला तेव्हाही नाही, नंतरही नाही.

बाबांनी वहिनीसमोर रुमाल धरला. काही झालं नाही. मग अगदी नाकाजवळ नेला. तिने नुसती पापण्यांची उघडझाप केली. बाबांचा चेहरा पडला, पण जीभ अडली नाही.

"हिच्या काळजाचा दगड झालाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "जाणारा हिच्यामुळे अडकलाय. ही घरात आहे तोवर घराला शांती नाही."

घरी आल्यावर आईने ठरवून टाकलं की वहिनीने महिनाअखेरीस माहेरी जावं. वहिनीच्या माहेरी आता फक्त कुलूप उरलंय, हे आईलाही ठाऊक होतं. मी भांडले, समजावलं, पुन्हा भांडले. पालथ्या घड्यावर पाणी. खरं सांगायचं तर मी थकले होते. भाऊ माझाही गेला होता, आणि ते दुःख बाजूला ठेवून घरच्यांना शहाणपण शिकवायचा मला वीट आला होता.

आमची लाँड्री आहे. आधी भाऊ आणि वहिनी चालवत, आता वहिनी आणि आई. बाबांचे वापरलेले रुमाल आमच्याकडेच धुवायला येत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून. पिशवी सोडली की इस्त्रीवाल्याचे डोळे वाहायला लागत. "बाबांची शक्तीच तेवढी, नुसत्या पिशवीतूनही रडवतात," असं तो गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगे. डोळे भरले की हातातली कॉलर जळते, म्हणून ती पिशवी उघडायचं काम वहिनीकडे आलं होतं. तिला काहीच होत नसे. आणि तिला काही होत नाही, हाच तिच्या दगडपणाचा आणखी एक पुरावा ठरला होता.

एका दुपारी मी लाँड्रीत गेले तेव्हा ती तीच पिशवी उघडून बसली होती. मी शेजारी वाकले आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नाकात सर्दीच्या बामाचा वास भरला. वहिनी माझ्यासाठी पाणी आणायला उठली, पण आधी स्वतः घोटभर प्यायली. कोरडा घास तिला गिळवत नाही, बोलता बोलता तिची जीभ टाळ्याला चिकटते. मी तिच्या डोळ्यांकडे नीट बघितलं. लाल होते, आणि कडांनाही ओल नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी औषधाच्या दुकानातून, बामात घालतात ते मेंथॉलचे खडे आणले, कुटून एका नॅपकिनला चोळले, तो पिशवीत बांधला आणि आईला उघडायला दिला. आईने गाठ सोडली, आत वाकली, आणि डोळे पुसत बाबांचं नाव घेतलं.

"आई, हा आपल्या जेवणाच्या टेबलावरचा नॅपकिन आहे," मी म्हटलं. "बाबांनी याला हातही लावलेला नाही. वाफ झोंबली की डोळा ती धुवून काढतो, एवढंच. कांदा चिरून कुणाचं दुःख हलकं झालंय का?"

आई बराच वेळ नॅपकिन बोटांनी चाचपत राहिली. "पण मला तिथे हलकं वाटतं," ती म्हणाली.

"वाटत असेल. तिथे शेजारची बाई तुझा हात धरते. तासभर तुझं दुःख कुणाला जड होत नाही. ते हलकेपण त्या बाईमुळे आहे, रुमालामुळे नाही."

मग मी वहिनीलाही बोलावलं आणि दोघींच्या खालच्या पापणीत अश्रू मोजायच्या कागदाची एकेक पट्टी अडकवली. आईची बघता बघता भिजली. वहिनीची होती तशीच राहिली. डोळ्यांतलं पाणी ग्रंथींतून येतं, मी सांगितलं. काहींचं शरीर स्वतःच्याच ग्रंथींवर उलटतं, आणि मग अश्रूही आटतात, लाळही आटते. पुढे रक्ततपासणीतही तेच निघालं. दुःख झालं की मेंदू या ग्रंथींना हाक मारतो. वहिनीच्या ग्रंथींना ओ देता येत नव्हती, हाक मात्र जातच होती.

"मग तू बोलली का नाहीस?" आईने तिला विचारलं.

"काय बोलणार, आई? मलाही वाटायला लागलं होतं, मीच दगड आहे."

आईने माहेरचा विषय पुन्हा काढला नाही. रुमालांची पिशवी न धुता परत पाठवली. बाबांनी दुसरी लाँड्री शोधली असणार, कारण सभागृह अजूनही भरतं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगत राहते: रडू आलं तर खुशाल रडा, जवळच्या माणसापाशी रडा, पण त्याने रक्तदाब जात नाही, गोळ्या बंद करू नका. आणि कुणाच्या डोळ्यांतल्या पाण्यावरून त्याची माया मोजू नका. जे दिसतं त्याचं कारण विचारा, एवढंच मागणं आहे. थोडे ऐकतात. बाकीचे चष्म्याचा नंबर विचारून निघून जातात.

हल्ली वहिनीच्या डोळ्यांत आईच थेंब घालते. परवा औषध गालावर ओघळलं, तेवढ्यात शेजारीण दारात आली आणि समाधानानं म्हणाली की रडली बाई एकदाची.

आईने बाटलीचं झाकण लावलं. "ते औषध आहे," ती म्हणाली. "रडते तर ती रोजच. आम्हालाच दिसत नव्हतं."