काचेवरचं नाव

जीपच्या पुढच्या काचेवर लाल अक्षरांत 'वर्षाराणी' लिहून आणलं, त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखतंय. खोटं कावून बोलू? वर्षाराणी माझी धाकटी जाऊ. लगीन होऊन पुरती दोन वर्षं न्हाईत झाली, तर हिचं नाव केज ते धारूर दिवसाला चार खेपा मिरवाया लागलं. मी शिवगंगा, सोळा वर्षं ह्या घरात राबले, माझं नाव फकस्त रेशनकार्डावर. तेबी खालच्या ओळीत.

जीप माझ्या दिराची, श्रीशैलभावजींची. चालवायचे तेच, फायनान्सचे हप्तेबी तेच भरायचे. पण कागद सगळे आमच्या ह्यांच्या, येळच आली म्हणून नाव घेते, सिद्धारामांच्या नावानं. आमच्यात रीतच तशी. थोरला असताना धाकट्याच्या नावानं काही घ्यायचं न्हाई. दुकान थोरल्याच्या नावानं, रान थोरल्याच्या, तशी जीपबी. पुढं चुली वेगळ्या झाल्या, तरी कागद बदलायचं कुणाच्या ध्यानात आलं न्हाई.

शहाण्णवच्या संक्रांतीआधी धारूरच्या घाटाखाली उभ्या जीपला उसाच्या ट्रकनं मागून ठोकलं. भावजी चहाला उतरलते म्हणून वाचले. जीपचा मात्र पार चुराडा. मी वैजनाथाला हात जोडले, आन मनात म्हणलं, बरं झालं, मिरव आता.

ते समाधान चार दिवसबी टिकलं न्हाई. वर्षाराणी नळावर सांगत हुती, आपल्या जीपचा इन्शुरन्स सरलाय, पण चूक ट्रकवाल्याची हाय, पंचनाम्यात तसंच लिवलंय, तवा ट्रकच्या इन्शुरन्सवाल्यांनी भरपाई द्यायची. बाया लगेच इचारायला लागल्या, नव्या जीपवर कोणत्या रंगात नाव घालनार म्हणून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गाडी मोडली तरी नशीब हिचंच फळफळावं?

मग एका दुपारी इन्शुरन्सचा साहेब दुकानात आला. गाडीचा मालक कोण, म्हणाला. गाडीचं आरसी बुक उघडलं तर सिद्धाराम. मी पडद्याआड डाळ निवडत हुते, हात तिथंच थांबला. साहेब जाताना म्हणाला, बुकात फायनान्सचा शिक्का हाय, तेवढं ध्यानात ठेवा. मला वाटलं, शिक्के काय, सगळ्याच कागदावर असतात.

साहेबाची पाठ फिरली तशी मी ह्यांच्यामागं लागले. मालक तुमी, तर भरपाईबी तुमची. तसं लिहून द्या. हे म्हणाले, श्रीशैलचा घाम हाय त्यात. मी दोन दिवस चूल पेटवली न्हाई. तिसऱ्या दिवशी ह्यांनी स्टॅम्पपेपरावर लिहून दिलं, की जीप माझ्या एकट्याची, भावाचा काही संबंध न्हाई, तो नुसता पगारी ड्रायव्हर हाय. त्याची एक नक्कल फायनान्सवाल्यांनीबी मागून घेतली. त्याच दिवशी मी म्हाळू पेंटरला सांगून ठेवलं, 'शिवगंगा' लिहायचंय, हिरव्या रंगात.

उन्हाळ्यात चेक निघाला, पण तो फायनान्सवाल्यांच्या नावानं. हे बीडला धावत गेले. तिथं त्यांना सांगितलं, कर्ज फिटस्तोवर गाडी आमच्याकडं गहाण, भरपाईवर पैला हक्क आमचा. एवढ्यानं कर्ज फिटलेलं न्हाई, उरलेले हप्ते मालकानं भरायचे. आन मालक कोण, ते तुमीच लिहून दिलंय.

हे तसेच उठून भावाच्या दारात गेले, मागं मी. भावजी आता दुसऱ्याची जीप चालवत हुते. त्यांना तो स्टॅम्पपेपर कुणीतरी वाचून दाखवलाच हुता.

"चेक त्यांच्याकडंच जानार, मला ठाव हुतं, अण्णा," ते म्हणाले. "राहिलेले हप्ते मीच भरनार हुतो. तुझं नाव खराब हू नये म्हणून. पण पगारी ड्रायव्हर कावून भरंल?"

आवाज चढवला असता तर मी भांडले तरी असते.

पोलिसांनी मालकाचं घर बघून मोडकी जीप आमच्या दारात आणून टाकली. भंगारातबी इकता येईना, फायनान्सचा दाखला पायजे. सारी जीप चेपलेली, पण पुढची काच जशीच्या तशी. सकाळी रांगोळी काढायला गेलं की समोर 'वर्षाराणी'. हप्ते आमी भरायचे आन नाव हिचं! एक दिवस ब्लेड घेऊन मी खरडायला लागले. वर्षाराणी पानी घेऊन चाललती, घागर खाली ठेवून आली.

"ब्लेडानं न्हाई निघत, अक्का. रॉकेल लावा."

तिनंच घरातून बाटली आणली, पदर खोचला आन स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं पुसून टाकलं. डोळ्याला पानी न्हाई, तोंडात वाकडा शब्द न्हाई. माझ्याच्यानं हे जन्मात झालं नसतं, आन मला त्याचाबी हेवा वाटला.

काच कोरी हाय आता. म्हाळू पेंटर रस्त्यानं जाता जाता इचारतो, "वैनी, शिवगंगा लिहू का?"

मी आत निघून जाते.