पाऊण कायदा

ज्या वर्षी तराफेवाल्याने घरजावई आणला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. लेक पहिलटकरीण होती. पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या. दुपारी सुईण खोलीबाहेर आली ती तोंड उतरवूनच.

"मूल आडवं आहे. हे माझ्या हातचं काम नाही. पलीकडच्या दवाखान्यात न्या, आणि आत्ताच्या आत्ता न्या."

दवाखाना नदीपलीकडे, म्हणजे दुसऱ्या देशात. एरवी कुणाला त्याचं काही वाटत नसे. नदीवरून एक जाड तार गेलेली होती आणि तराफा तिला कप्प्यांनी अडकवलेला, प्रवाहाने वाहून जाऊ नये म्हणून. ओढायचा दोर वेगळा. तो पलीकडच्या चाकाला वळसा घालून परत येई आणि अलीकडच्या इंजिनावर फिरे. इंजिन सुलटं फिरलं की तराफा पलीकडे, उलटं फिरलं की अलीकडे. इंजिनावर जावई, तराफ्यावर सासरा, अशी कामाची वाटणी होती.

जावई स्वभावाने भित्रा. इंजिनाचा सूर जरा बदलला तरी दचकायचा. सासरा चारचौघांत त्याची टर उडवी, "आमचे जावईबापू सांगितल्याशिवाय शिंकतसुद्धा नाहीत." जावई कानकोंडा होऊन हसे.

त्या दिवशी लेकीला फळीवर निजवून तराफ्यावर आणलं, तसा तो म्हणाला, "मामा, मी येऊ का बरोबर?"

"आणि इंजिन कोण चालवेल? तुझा बाप?"

जावयाने बायकोच्या पायांवरची चादर नीट केली आणि तो इंजिनाकडे गेला.

तराफ्यावर लेक, सुईण आणि सायकलवर भांडी घेऊन फिरणारा एक फेरीवाला. पावसाळा नुकता सरला होता, पाण्याला ओढ होती. निम्मी नदी ओलांडली असेल नसेल, तोच मागच्या काठावर जीप येऊन थांबली आणि कर्णा ओरडू लागला.

"राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने नदी या क्षणापासून बंद! तराफा मागे घ्या!"

पाण्याच्या वाटणीवरून दोन्ही सरकारांचं बिनसलंय हे सगळ्यांना माहीत होतं. पण गोष्ट या थराला जाईल असं कुणाला वाटलं नव्हतं. अलीकडे सगळा कारभार एका माणसाचा. तो रेडिओवर बोलला की झाला कायदा. त्याच्यावर ना सभा ना कोर्ट. पलीकडे सभा होती. तिथल्या प्रधानालाही अडीनडीला सभेवाचून हुकूम काढता येई, पण तो छापून घाटावरच्या फळ्याला लागल्याशिवाय लागू होत नसे. आणि पुढे सभा भरल्यावर तिने नाकारला, तर रद्द.

तराफा हिसका बसून थांबला.

"अप्पा, थांबलो का आपण?" लेकीने विचारलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"दोर जरा अडकलाय, बाळा."

दोर अडकला नव्हता. तराफा मागे निघाला होता.

तराफेवाल्याने वळून पाहिलं. इंजिनाशी जावयाचा निळा सदरा दिसत होता आणि त्याला खेटून अधिकाऱ्याची टोपी. 'घाबरला मेला,' तो मनात म्हणाला. 'पोटच्या पोरापेक्षा याला कर्णा मोठा.'

"अहो, हिला आता धीर नाही निघायचा," सुईण म्हणाली. "मागे नेलीत तर दोन जीव जातील."

तराफा दोराला एका लोखंडी पिनेने जोडलेला होता. ती काढली की इंजिनाचा संबंध सुटतो, मग वरची तार धरून हातानेही तराफा ओढता येतो. त्याने हातोडा उचलला आणि पिनेवर घाव घातला. पुन्हा घातला. पिन ढिम्म हलेना. दोर ताणलेला असताना ती हत्तीलाही निघाली नसती. दोर सैल करायचा दांडा होता जावयाच्या हाताशी.

त्याने हात वर केला आणि सावकाश खाली आणला. रोजची खूण. सैल सोड.

तराफा मागेच जात राहिला. काठावरच्या माणसांचे चेहरे आता ओळखू येऊ लागले. त्याने पुन्हा खूण केली.

"मामाऽऽ!" काठावरून हाक आली आणि त्यासरशी दोर सैल होऊन पाण्यात पडला. एका घावात पिन निघाली. दोर सळसळत निघून गेला. काठावर आरडाओरडा झाला, पण तिकडे बघायला त्याला सवड नव्हती. त्याने वरची तार धरली.

"ये, हात लाव," तो फेरीवाल्याला म्हणाला.

"अहो, पण मी परत कसा येणार? माझी बायको—"

"आधी ओढ, मग परतीचं रड!"

फेरीवाल्याने शिवी हासडली आणि तार धरली. तळहात सोलून निघाले. लेक आता कण्हतही नव्हती, त्याचीच जास्त भीती वाटत होती.

काठ जवळ आला तसं दिसलं, की फळ्यापाशी एक कारकून खळीचा डबा घेऊन उभा आहे आणि भराभर ब्रश फिरवतोय. शेजारी घाटाचा जाडा पहारेकरी.

"साहेब, तराफा आला की! अडवा ना!" कारकून म्हणत होता.

"का बरं?"

"नदी बंद झाली! त्यांच्याकडे तर केव्हाच झाली!"

"त्यांच्याकडे माणूस बोलला की कायदा. आपल्याकडे कागद चिकटला की. चिकटलाय का?"

"तीन कोपरे चिकटलेत."

"मग पाऊण कायदा झालाय. पाऊण कायद्याने मी कुणाला अडवत नाही. आणि चौथा कोपरा नीट बसव हो, सुरकुती नको. सभेत विचारतील तुला."

कारकुनाने कपाळाला हात लावला. तेवढ्यात तराफा घाटाला लागला. पहारेकऱ्याने स्वतः फळीचं एक टोक उचललं आणि दवाखान्याची गाडी हाकारली.

लेक गाडीत गेल्यावर तराफेवाल्याने मागे पाहिलं. जीप नव्हती. निळा सदराही नव्हता.

"मी परत जातो," तो म्हणाला. "त्याला धरलंय त्यांनी."

पहारेकऱ्याने फळ्याकडे बोट केलं. "आता चारही कोपरे बसलेत, अप्पा. आता मला तुला सोडता येत नाही. आणि तिकडे उतरलास तर ते तुला धरतील. लेकीकडे जा."

संध्याकाळी मुलगी झाली. मायलेकी वाचल्या.

पुढे सभा भरली. तिने प्रधानाचा हुकूम नाकारला आणि कारकुनाने तोच कागद खरवडून काढला. पण एका काठाने नदी उघडून काय होतं? अलीकडे राष्ट्राध्यक्षांचा हुकूम नाकारणारं कुणी नव्हतं. तराफेवाला रोज घाटावर येऊन बसे. जावयाला हुकूम मोडल्याबद्दल तुरुंगात टाकल्याचं फेरीवाल्याच्या बायकोने चोरून धाडलेल्या निरोपावरून कळलं होतं. अर्ज करायचा तर कुणाकडे? ज्याने हुकूम काढला, त्याच्याकडेच.

उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष पुन्हा रेडिओवर बोलले आणि नदी त्या क्षणापासून उघडली. ज्यांना शिक्षा झाली होती त्यांच्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. तराफेवाला पहिल्याच खेपेला अलीकडे आला आणि तुरुंगाच्या दारात जाऊन उभा राहिला. तिथे त्याला सांगितलं, ते त्याने परत पलीकडे जाऊन लेकीला सांगितलं. जावई तुरुंगात तापाने वारला होता, त्या आधीच्या हिवाळ्यात.