कपलिंगवरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी सांधा आहे. इंजिनवाले मला कपलिंग म्हणतात. इंजिनाचा दांडा आणि पंपाचा दांडा एकत्र फिरवायचे, एवढंच माझं काम. माझे भाऊबंद विमानाच्या इंजिनात बसून आभाळात हिंडतात म्हणे. माझ्या वाट्याला नांदूरघाटच्या सहकारी सोसायटीची विहीर आली, आणि मी तिथं मजेत होतो.

बहात्तरच्या दुष्काळात ऊस वाळून गेला. विहिरीत उरलेलं पाणी मी माणसांना आणि जनावरांना पुरवू लागलो. काळी जमीन भेगाळली, तसा इंजिनाचा कट्टा केसभर कलला. आता प्रत्येक फेऱ्याला मी किंचित वाकायचो. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण पुन्हापुन्हा वाकवली की तुटतेच. माझंही तसंच चाललं होतं. शिवाय दांड्याशी घासून घासून माझ्यातून लाल भुकटी गळू लागली.

खंडेनवमीला गावातल्या साखराबाईंनी माझी पूजा केली होती. इंजिन चालवणाऱ्या सुग्रीवला ती भुकटी कुंकूच वाटली. देवाचं कुंकू पुसायचं कसं? त्यानं फडकं म्हणून लावलं नाही. मी मनातून ओरडत होतो, पण लोखंडाचं कोण ऐकतं!

एके दिवशी साखराबाई म्हैस घेऊन पाण्यावर आल्या.

"मावशे, तुझं कुंकू लई टिकलं बघ," सुग्रीव हसून म्हणाला.

"कुंकू? आरं, डबी रिकामीच व्हती. म्या नुसती हळद लावलती!"

मग ही लाल भुकटी लोखंडाचीच, हे सुग्रीवच्या ध्यानात आलं. त्यानं तिथल्या तिथं इंजिन बंद केलं. हौदावर एकच गलका झाला. सोसायटीचे चेअरमन बबनराव धावत आले.

"कावून बंद केलंस बे? जनावरं तानेली हायेत!"

सुग्रीवनं मला पुसलं. माझ्या अंगावर बारीक चीर होती.

"मालक, हे फिरता फिरता तुटलं तर पंप बी फुटंल. मग काय पाजायचं जनावराला?"

दुसऱ्या क्षणी बबनरावांनीच विहिरीत दोर सोडला आणि पहिली बादली स्वतः ओढली. नवं कपलिंग येऊन कट्टा सरळ होईपर्यंत सारा गाव हातानं पाणी शेंदत राहिला. कुरकूर झाली, पण जनावर दगावून एकही दावण रिकामी झाली नाही.

आता मी इंजिनघराच्या कोनाड्यात निवांत बसलो आहे. बाहेर पाणी पडल्याचा आवाज येतो आणि जीव सुखावतो. मित्रांनो, लोखंडसुद्धा थकतं. यंत्राची पूजा जरूर करा, पण हात जोडण्याआधी त्याला एकदा पुसून नीट बघा.